जावई चालेल, नातू नाही

महाराष्ट्रातल्या चार मुख्यमंत्र्यांची खुर्ची कुणापायी गेली हे एका ओळीत लिहिलं, तर ती ओळ लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांसारखी दिसते. १९८६ लेक, १९९९ जावई, २००८ मुलगा, २०१० सासू. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हणतात. इथे गोतच दांड्याला काळ ठरलं. म्हणून प्रचाराचा हंगाम आला की सगळेच पक्ष आळीपाळीने म्हणतात ते ‘घरच्यांना मध्ये आणू नका’ हे वाक्य आपण तरी तपासून घ्यावं. ते अक्षरशः पाळलं असतं तर यातलं एकही प्रकरण चव्हाट्यावर आलं नसतं. उलट ‘राजकारणात उतरलात, आता घराला दार कसलं’ हे धोरण पाळलं की काय होतं, ते मोबाइलवर रोज दिसतंच.

आधी ही चार प्रकरणं, कारण नियम त्यांतूनच निघतो.

शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले आणि मार्च १९८६ मध्ये पायउतार झाले. त्यांच्या मुलीच्या एम.डी.च्या परीक्षेतल्या गुणांत फेरफार झाल्याचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि तिथल्या एकलपीठाच्या ताशेऱ्यांनंतर त्यांना जावं लागलं. मनोहर जोशींचं प्रकरण पुण्यातलं. प्राथमिक शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचं आरक्षण उठलं आणि तिथे जावयाच्या कंपनीची इमारत उभी राहिली. जोशींनी जानेवारी १९९९ च्या अखेरीस पद सोडलं. त्यामागे पक्षातलं राजकारणही होतं, पण हा भूखंड विसरला गेला नाही. उच्च न्यायालयाने त्याच वर्षी आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये तो सगळा व्यवहार बेकायदा ठरवला. विलासराव देशमुख २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर ताज हॉटेलची पाहणी करायला गेले, तेव्हा सोबत अभिनेता मुलगा रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते. अशोक चव्हाण कुलाब्याच्या ‘आदर्श’ सोसायटीत सासूबाईंसह नातेवाइकांना सदनिका मिळाल्याच्या आरोपावरून नोव्हेंबर २०१० मध्ये गेले.

आता या चारही आरोपांची वाक्यं करा आणि कर्ता शोधा. पाचवीच्या व्याकरणाइतकं सोपं काम आहे. ‘मुख्यमंत्र्यांनी परीक्षेत हस्तक्षेप केला का?’ ‘मुख्यमंत्र्यांनी आरक्षण उठवायला लावलं का?’ ‘मुख्यमंत्र्यांनी सिनेमावाल्यांना हल्ल्याच्या जागी का नेलं?’ ‘महसूलमंत्री असताना यांनी सोसायटीला सवलत दिली आणि तिच्या बदल्यात घरात सदनिका आल्या का?’ प्रत्येक वाक्यात कर्ता पदावरचा माणूस आहे आणि क्रियापद सरकारी आहे: हस्तक्षेप, आरक्षण, पाहणी, मंजुरी. लेक, जावई, मुलगा, सासू ही मंडळी वाक्याच्या दुसऱ्या टोकाला, ‘ला’ आणि ‘साठी’ यांच्याजवळ उभी आहेत.

एवढीच कसोटी. नातं किती जवळचं ते बघू नये, पदाचा हात त्या नात्यापर्यंत पोचला का ते बघावं. पोचला असेल तर मावसभावाच्या मेहुण्यावरही बोलावं. नसेल तर सख्ख्या मुलालाही हात लावू नये. ‘अमक्याचा मुलगा पबमध्ये दिसला’ या वाक्याचा कर्ता मुलगा, क्रियापद खासगी. टाकून द्या. ‘अमक्याच्या मुलाने गाडीने माणूस उडवला’ ही बातमी आहे, राजकीय आरोप नाही. ‘त्या रात्री पोलीस ठाण्यात कुणाचा फोन गेला’ इथे राजकारण सुरू होतं.

गंमत म्हणजे निवडणूक आयोगाची आदर्श आचारसंहिताही हेच सांगते, फक्त ती वाचतं कोण! पहिल्याच भागात म्हटलंय की टीका धोरणं, कार्यक्रम, पूर्वीची कामगिरी आणि काम यांपुरती असावी, आणि खासगी आयुष्याच्या ज्या बाजूंचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही त्यांवर टीका करू नये. ‘खासगी आयुष्यावर बोलू नका’ असं सरसकट त्यात कुठेही नाही. ‘संबंध नाही’ हा शब्द सगळं वजन पेलतो. भाषणात आचारसंहितेचा हवाला देणारे नेते नेमका तोच शब्द गिळतात.

कसोटी मोडली की नुकसान फक्त त्या कुटुंबाचं होत नाही, आरोप करणाऱ्याचाही मुद्दा हातचा जातो. गोव्यातलं जुलै २०२२ चं उदाहरण पाहा. आसगावमधल्या एका रेस्तराँच्या मद्यपरवान्याचं नूतनीकरण आधीच मृत्यू पावलेल्या माणसाच्या नावावर झाल्याची तक्रार होती आणि अबकारी आयुक्तांनी २१ जुलैला कारणे दाखवा नोटीसही काढली होती. मृत माणसाच्या नावाचा अर्ज आला कसा, कुणी तपासला, शेरा कुणी मारला, हे सगळे प्रश्न अबकारी खात्याला विचारण्यासारखे होते. पण काँग्रेसच्या पत्रकार परिषदेत मधोमध आली ती तेव्हाच्या केंद्रीय मंत्री स्मृती इराणी यांची अठरा वर्षांची मुलगी. इराणींनी दोन कोटींचा दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने २९ जुलैला तीन काँग्रेस नेत्यांना चोवीस तासांत ट्वीट हटवायला सांगितले आणि परवाना मायलेकींच्या नावावर दिलेला नसल्याचं प्रथमदर्शनी मत नोंदवलं. त्यानंतर चर्चा कशाची झाली? दाव्याची. परवान्याचा प्रश्न तिथेच विरघळला.

कायद्याने कुटुंबाची जी खिडकी उघडी ठेवली आहे तिची चौकट मात्र विचित्र आहे. उमेदवारी अर्जासोबत नमुना २६ चं शपथपत्र द्यावं लागतं. त्यात स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब आणि अवलंबित व्यक्ती असे रकाने असतात. प्रत्येकाचा पॅन, गेल्या पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, रोकड, ठेवी, शेअर, वाहनं, वजनासह दागिने, गटक्रमांक आणि क्षेत्रफळासह जमीन, खरेदीची तारीख, खरेदीची किंमत, आजची अंदाजे किंमत, कर्ज आणि सरकारी देणी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या ‘लोकप्रहरी’ निकालामुळे पत्नी आणि अवलंबितांच्या उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारशी असलेली कंत्राटं यांवर भर आला. कुटुंबाविषयी इतकी माहिती नेता स्वतःच सही करून देतो. तिच्यावर प्रश्न विचारणं म्हणजे कुणाच्या घरात डोकावणं नव्हे.

पण ‘अवलंबित’ची व्याख्या वाचा. रक्ताची किंवा लग्नाची नाती त्यात येतात, परंतु अट अशी की त्या माणसाला स्वतंत्र उत्पन्न नसावं आणि तो उमेदवारावर अवलंबून असावा. म्हणजे कमावता मुलगा बाहेर. जावई बाहेर. सासू बाहेर. भाऊ, पुतण्या, मेहुणा, व्याही, स्वतःचं उत्पन्न असलेले सगळे बाहेर. ज्या जावयाने आणि ज्या सासूबाईंनी महाराष्ट्राचं राजकारण हलवलं, ते आजच्या शपथपत्रातही बहुधा कुठल्याच रकान्यात बसले नसते. मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेतही कुटुंबाची व्याख्या जोडीदार, अज्ञान मुलं आणि पूर्णपणे अवलंबित नातेवाईक अशीच आहे. सरकारला माल किंवा सेवा पुरवणाऱ्या, किंवा परवाने आणि कोट्यांवर चालणाऱ्या धंद्यात कुटुंबाने पडू नये, याची खबरदारी मंत्र्याने घ्यावी, असं ती सांगते. चांगलंच आहे. पण मोडली तर बघणार कोण? राज्यात मुख्यमंत्री.

त्यामुळे कायदा जिथे थांबतो तिथून पुढचं काम पत्रकार, कार्यकर्ते आणि विरोधी पक्ष यांच्याच पदरात पडतं, आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

सगळ्यात जुनी चूक ‘पाच वर्षांत संपत्ती तिप्पट’ ही. शपथपत्रात आजची किंमत लिहायची असते. पत्नीच्या नावावर २०१४ मध्ये ५०० ग्रॅम सोनं होतं आणि २०२४ मध्येही तेवढंच असेल, तर दहा ग्रॅमला साधारण २८ हजारांवरून भाव सत्तरच्या पुढे गेल्यामुळे १४ लाखांचे ३५ लाख आपोआप होतात. तिने एक बांगडीही घेतलेली नसते. म्हणून रुपये बाजूला ठेवून वजन आणि गटक्रमांक जुळवावेत. दोन शपथपत्रं शेजारी ठेवायची, आधीच्यात नसलेले गट आणि सदनिका खुणावायच्या, त्यांच्या खरेदीच्या तारखा आणि खरेदीच्या किमती उतरवायच्या, आणि मग त्या पाच वर्षांच्या जाहीर उत्पन्नाशी ताळा बसतो का ते बघायचं. कर्जाचा रकाना सोडू नका. पुष्कळदा ‘पैसा कुठून आला’चं उत्तर तिथेच असतं, आणि कर्ज देणारी कंपनी कुणाची हा खरा प्रश्न त्याच ओळीतून निघतो.

दुसरी चूक नावाची. पाटील, शिंदे, जाधव, पवार या आडनावांच्या राज्यात नुसत्या नावावरून जमीन कुणाच्या पदरात घालणं म्हणजे जुगार. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. त्यावरचा फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाची नोंद) क्रमांक घेऊन तो फेरफार मिळवा, म्हणजे जमीन वारसाने आली, खरेदीने आली की वाटणीने, ते कळतं. वडिलोपार्जित वाटणीला ‘घबाड’ म्हणून छापल्यावर होणारी फजिती फार वाईट असते. खरेदी असेल तर नोंदणी विभागाच्या ई-शोधात गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून सूची क्रमांक २ बघा. त्यात घेणारा, देणारा, मोबदला, बाजारमूल्य आणि मुद्रांक शुल्क एकाच पानावर असतं. मोबदला आणि बाजारमूल्य यांत मोठी तफावत असेल तर तिथे थांबा.

तिसरी चूक तारखेची, आणि ही सगळ्यांत महाग पडते. व्यवहार झाला तेव्हा नेता कुठल्या पदावर होता? जावई तेव्हा जावई होता का? संचालक म्हणून दाखवलेला मुलगा कंपनीतून आधीच बाहेर पडला होता का? कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं फुकट दिसतात, आणि १०० रुपये भरले की त्या कंपनीची दाखल कागदपत्रं उघडतात. संचालक बदलल्याची नोंद डीआयआर-१२ मध्ये आणि भागधारकांची यादी एमजीटी-७ या वार्षिक विवरणात मिळते. संचालक कोण यापेक्षा भागधारक कोण हे जास्त बोलकं असतं. संचालक म्हणून ड्रायव्हरही बसवता येतो. मग शासन निर्णयांच्या संकेतस्थळावरून संबंधित निर्णय काढा आणि एका कागदावर उभी रेघ मारून डावीकडे सरकारी तारखा आणि उजवीकडे घरच्या तारखा लिहा. आरोप त्या कागदावर दिसत नसेल तर आरोप नाही.

एकनाथ खडसे यांचं भोसरीचं प्रकरण अंगाशी आलं ते अशाच तारखांमुळे. एप्रिल २०१६ मध्ये पत्नी आणि जावई यांच्या नावाने जमीन घेतली गेली, औद्योगिक विकास महामंडळ त्या जमिनीवर हक्क सांगत होतं, आणि खडसे तेव्हा महसूलमंत्री होते. जूनमध्ये राजीनामा. आरोप त्यांनी कायम फेटाळले आहेत, पण प्रश्न विचारणं चूक होतं असं कुणी म्हणू शकत नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज करणार असाल तर महाराष्ट्रात शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. नातेवाइकाची माहिती मागू नका, मिळणार नाही. व्यक्तिगत माहितीबद्दलचं कलम ८(१)(ञ) डेटा संरक्षण कायद्यातल्या दुरुस्तीने आणखी कडक झालं आहे, आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. फाइल मागा: अमुक भूखंडाच्या आरक्षणबदलाची टिपणी, अमुक निविदेचा तुलनात्मक तक्ता. इथेही व्याकरण तेच, कर्ता सरकार. नकार आला तर अपिलात कलम ८(२) मधल्या सार्वजनिक हिताचा मुद्दा घ्या, तो अजून शाबूत आहे.

शपथपत्रातली प्रत्येक चूक म्हणजे लबाडी, असंही नाही. अरुणाचलातल्या तेजू मतदारसंघाचे कारिखो क्रि यांची निवड पत्नीच्या आणि मुलाच्या नावावरची तीन वाहनं जाहीर न केल्यामुळे गुवाहाटी उच्च न्यायालयाने रद्द केली होती. ती वाहनं म्हणजे एक स्कूटर, एक मारुती ओम्नी आणि एक मोटारसायकल. ती आधीच विकलेली किंवा देऊन टाकलेली, फक्त नोंदणी बदललेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये निवड कायम केली आणि घरातली प्रत्येक जंगम वस्तू दाखवायलाच हवी असं नाही, तिची किंमत किंवा महत्त्व बघावं लागेल, असं सांगितलं. तेव्हा जुन्या स्कुटीवर पत्रकार परिषद घेण्याआधी विचार करा.

खोटं बोलल्याचे परिणामही नीट माहीत असावेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) खोट्या आरोपाला भ्रष्ट आचरण मानतं, पण ते ‘उमेदवाराच्या’ चारित्र्याबद्दल आणि वर्तनाबद्दल आहे. त्याच्या पत्नीचा किंवा मुलीचा शब्द त्यात नाही. निवडणूक याचिका निकालानंतर ४५ दिवसांत करावी लागते. नातेवाइकांपाशी उरतो तो बदनामीचा रस्ता, दिवाणी दावा किंवा भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, ज्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. त्याच कलमाच्या अपवादांत सार्वजनिक प्रश्नाशी निगडित असलेल्या कुणाच्याही वर्तनावर सद्भावनेने मत व्यक्त करायला मोकळीक आहे. ‘कुणाच्याही’ म्हणजे जावयाच्याही. आणि राजकीय प्रश्न योग्य असणं वेगळं, गुन्हा शाबित होणं वेगळं: ‘आदर्श’ प्रकरणात अशोक चव्हाणांवर खटला चालवायला राज्यपालांनी दिलेली मंजुरी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. २०१० मध्ये विचारलेला प्रश्न त्यामुळे चुकीचा ठरत नाही, पण ‘चोर’ हा शब्द मात्र ठरतो.

बायकांच्या बाबतीत आपली सवय जुनी आणि वाईट आहे. १७७३ मध्ये नारायणरावाचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी दोषी धरलं ते रघुनाथरावाला. लोकांच्या तोंडी मात्र आजही ‘ध चा मा’ आनंदीबाईच करते. आजच्या ट्रोलांनी हीच परंपरा पुढे चालवली आहे: निर्णय नवऱ्याचा, शिव्या बायकोला, आणि त्यातही साडीला, गाण्याला, हसण्याला. पत्नी स्वतः राजकीय ट्वीट करत असेल तर त्या ट्वीटला जरूर उत्तर द्या, त्याच विषयावर आणि तेवढ्याच लांबीचं. रश्मी ठाकरे मार्च २०२० मध्ये ‘सामना’च्या संपादक झाल्या. त्या दिवसापासून अग्रलेखाचा जाब त्यांना विचारणं ‘वहिनींना मध्ये आणणं’ राहिलं नाही, कारण अंकावर नाव त्यांचं होतं.

उमेदवारी घेतली की तर संपूर्ण कारकीर्द खुली. पण कारकीर्दच, नातं नव्हे. २०२४ च्या बारामतीच्या लढतीत सुनेत्रा पवारांच्या कामावर, त्यांच्या संस्थांवर हवं तेवढं बोलता येत होतं. गाजलं काय, तर शरद पवारांचं ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’. सून बाहेरची, हा मतदानाचा मुद्दा कसा होतो? महाराष्ट्रातल्या निम्म्या मतदार कुठल्या ना कुठल्या घरात बाहेरूनच आलेल्या आहेत. सुप्रिया सुळे दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आल्या, तरी ते वाक्य त्यांच्या बाजूलाच चिकटून राहिलं.

आणि नातू. २०२२ च्या दसरा मेळाव्यात उद्धव ठाकरे यांनी एकनाथ शिंदे यांच्या घराण्यावर टीका करताना खासदार मुलासोबत तान्ह्या नातवालाही नगरसेवकपदाच्या रांगेत उभं केलं. मुलाबद्दलचा मुद्दा रास्त होता. श्रीकांत शिंदे २०१४ पासून कल्याणचे खासदार आहेत, उमेदवारी कशाच्या जोरावर मिळाली हे विचारायलाच हवं. (विचारणाऱ्याच्या स्वतःच्या मंत्रिमंडळात स्वतःचा मुलगा मंत्री होता, हे त्यावर आलेलं उत्तरही तितकंच रास्त.) पण दीड वर्षांचं पोर वाक्यात आलं आणि शिंदे पितापुत्रांना घराणेशाहीवर उत्तर द्यायची गरजच उरली नाही. त्यांनी नातवाबद्दल व्यथित होऊन दाखवलं, पत्र लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशीचे मथळे तेच झाले. घराणेशाही हा पक्षाच्या उमेदवारी वाटपाचा प्रश्न आहे. कर्ता पक्षप्रमुख. बाळाला अजून क्रियापदच नाही.

पोस्ट टाकून झाल्यावर चूक सापडली तर ती गुपचूप पुसू नका, स्क्रीनशॉट आधीच फिरलेले असतात. त्याच खात्यावरून, त्याच वेळेला, मूळ मजकुराइतक्याच मोठ्या अक्षरांत दुरुस्ती टाका: काय लिहिलं होतं, कुठला कागद चुकीचा वाचला, बरोबर काय. त्यात नातेवाइकाचं नाव पुन्हा लिहू नका. मूळ फोटो हटवताना समूहांत पाठवलेल्या प्रतीही ‘सगळ्यांसाठी’ हटवा. तो पर्याय व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवसांच्या आसपासच उघडा राहतो.